जेल नखरंग आणि कुनख : घरच्या घरी रंग काढताना घ्यावयाची काळजी

तुळशीचे लग्न लागले की पुण्यात लग्नसराईस प्रारंभ होतो. लक्ष्मी रस्ता व तुळशीबागेतील गर्दी वाढते आणि त्यापाठोपाठ तीन-चार आठवड्यांनी चिकित्सालयात एका विशिष्ट प्रकारच्या तक्रारी येऊ लागतात. नखे पातळ झाली आहेत, गरम पाणी लागले की झोंबते, नखांवर पांढरे खरबरीत चट्टे दिसतात, कपड्यांचे धागे नखांच्या कडांत अडकतात. विचारणा केल्यावर बहुधा एकच उत्तर मिळते. लग्नासाठी नखांवर जेल नेलपॉलिश लावून घेतले होते. ते मुळाशी सुटू लागले, म्हणून घरीच खरवडून काढले.

पूर्वी नवरीच्या हाताचा रंग म्हणजे मेंदी. मेंदी आपोआप फिकी होत जाते. ती काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यानंतर साधे नेलपॉलिश आले. भारतात लॅक्मेची सुरुवात १९५२ साली झाली व पुढील काळात नखरंगाची छोटी बाटली मध्यमवर्गीय घरातही पोचली. हा रंग रिमूव्हरच्या एका बोळ्याने निघत असे. दिव्याखाली कडक होणारे परंतु अ‍ॅसिटोनने काढता येणारे जेल नेलपॉलिश २०१० नंतर जगभर रूढ झाले. आता त्याचे संच, लहानशा दिव्यासह, घरपोच मिळतात. लावण्याची रीत सर्वांना दाखविली जाते. काढण्याची रीत मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते.

औषधी दुकानांतही याविषयी विचारणा होते. ‘हे काढायला एखादे आयुर्वेदिक लिक्विड आहे का?’ असा प्रश्न आमच्या परिचयातील अनेक दुकानदार बंधूंना ग्राहकांकडून विचारला गेला आहे. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर काय द्यावे आणि रुग्णेस नेमके काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नखाविषयी शास्त्रीय विचार

सुश्रुताचार्यांनी नख हा अस्थिधातूचा मल मानला आहे, तर चरकसंहितेच्या शारीरस्थानात नखांची गणना पितृज भावांत केलेली आहे. यांतून चिकित्सकास दोन उपयुक्त गोष्टी मिळतात. जन्मतःच कोणाची नखे जाड व कठीण, तर कोणाची पातळ व मृदू असतात. म्हणून जो उपचार एकीला सोसतो तो दुसरीला सोसेलच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जे नख आपणांस दिसते ते तयार होऊन बाहेर आलेले असते. त्वचेवरील व्रण भरून येतो तसे झिजलेले नख भरून येत नाही. त्याला पुढे सरकत जाऊन कापले जाणे एवढीच गती आहे.

आधुनिक शरीरशास्त्रही हेच सांगते. नखाचा दिसणारा भाग निर्जीव केराटिनच्या थरांचा असून हाताच्या बोटांत त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. हाताचे नख महिन्यास सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे नख येण्यास साधारण चार ते सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्यास तर बारा ते अठरा महिने. सबब, पाच मिनिटांच्या खरवडण्याने झालेली हानी निघून जाण्यास पुढील अर्धे वर्ष द्यावे लागते, हे रुग्णेस प्रथमच स्पष्ट सांगावे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील क्षुद्ररोगांत नखाशी संबंधित दोन व्याधी सांगितले आहेत. नखमांसाच्या आश्रयाने वात व पित्त दाह आणि पाक उत्पन्न करतात, तो चिप्प. अभिघाताने दूषित झालेले नख रूक्ष, कृष्णवर्ण व खर होते, तो कुनख. येथे कुनखाचा हेतू म्हणून अभिघाताचा स्पष्ट निर्देश आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जेल रंगाने बिघडलेल्या नखांत कृष्णवर्ण बहुधा नसतो, परंतु रूक्षता आणि खरत्व ठळकपणे आढळते. हेतू तर निःसंशय अभिघाताचाच असतो. बहुसंख्य रुग्णांत नख बिघडते ते रंग लावल्यामुळे नव्हे, तर तो ओरबाडून काढल्यामुळे.

हा रंग सहज का निघत नाही?

साधे नेलपॉलिश म्हणजे द्रावकात विरघळविलेले नायट्रोसेल्युलोज. द्रावक उडून गेला की रंगाचा पापुद्रा मागे राहतो आणि पुन्हा द्रावक लावला की तो विरघळतो. मीठ पाण्यात विरघळावे, आटवल्यावर खाली बसावे आणि पुन्हा पाणी घातल्यावर विरघळावे, तसाच हा प्रकार आहे.

जेल रंगाची जात निराळी आहे. त्यात अ‍ॅक्रिलेट व मेथाक्रिलेट वर्गातील लहान रेणू असतात आणि प्रकाश पडताच क्रिया सुरू करणारे एक द्रव्य असते. अतिनील व त्यालगतच्या जांभळ्या प्रकाशात हे रेणू परस्परांशी जोडले जाऊन त्यांचे घट्ट जाळे तयार होते. हा बदल दुधाचे दही होण्यासारखा आहे. मागे फिरता येत नाही. त्यामुळे कडक झालेला जेल रंग अ‍ॅसिटोनमध्येही खऱ्या अर्थाने विरघळत नाही. अ‍ॅसिटोन त्या जाळ्यात शिरते, रंग फुगतो, मऊ पडतो आणि नखावरची पकड सोडतो. यास वेळ लागतो, साधारणतः दहा ते पंधरा मिनिटे. हा वेळ न देता जो रंग ओढून काढला जातो, तो आपल्याबरोबर नखाचे वरचे थर घेऊन निघतो. आपण ज्यांना पांढरे चट्टे म्हणतो, त्या या थर निघून गेलेल्या जागा होत.

एवढे समजले म्हणजे दुकानात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, व्हिनेगर, कोमट तेल यांपैकी कशातही हे जाळे सैल करण्याची शक्ती नाही. आपल्या संहितांत किंवा निघंटूंत या कामासाठी द्रव्य शोधणे व्यर्थ आहे, कारण हा पदार्थच त्या काळी नव्हता. साबणाच्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवण्याचा उपाय तर अधिक फसवा आहे. पाण्याने नख मऊ पडते, रंगाची कड किंचित उचलली जाते आणि ओढण्याचा मोह होतो. मऊ पडलेल्या नखाचे थर अधिकच सहज सोलले जातात. म्हणून ‘हर्बल’ या शब्दाखाली काहीबाही देण्यापेक्षा अ‍ॅसिटोन योग्य रीतीने कसे वापरावे हे सांगणे, हेच वैद्याचे व दुकानदाराचे कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे.

घरी रंग काढण्याची रीत

प्रथम नखावर नेमके काय लावले आहे, याची पार्लरमध्ये चौकशी करण्यास सांगावे. साधा जेल रंग भिजवून निघतो. पावडर व द्रव मिसळून केलेली अ‍ॅक्रिलिक नखेही भिजवून निघतात, पण त्यांस अधिक वेळ लागतो. ज्यास ‘हार्ड जेल’ म्हणतात तो मात्र अ‍ॅसिटोनने सुटत नाही. तो घासूनच उतरवावा लागतो व हे काम सरावलेल्या हातांचे आहे. ते घरी करू नये.

साहित्य थोडेच लागते. लेबल असलेल्या सीलबंद बाटलीतील अ‍ॅसिटोन, कापूस, स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दहा लहान तुकडे, नखे घासण्याची बारीक पट्टी, एक बोथट लाकडी काडी, पेट्रोलियम जेली आणि तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल. ‘अ‍ॅसिटोनविरहित’ असे लिहिलेला रिमूव्हर साध्या नेलपॉलिशसाठी ठीक आहे. जेल रंगावर त्याचा विशेष उपयोग होत नाही.

जागेची निवड सर्वांत महत्त्वाची. अ‍ॅसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. शून्याखाली सुमारे २० अंश तापमानालाही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून स्वयंपाकघरात, देवघरात समई अथवा निरांजन तेवत असताना, उदबत्ती किंवा डासांची कॉइल जळत असताना हे काम करू नये. खिडकी उघडी ठेवावी, पंखा मंद ठेवावा व लहान मुलांस दूर ठेवावे. अ‍ॅसिटोन लवकर परिणाम करावे म्हणून बाटली गॅसवर अथवा मायक्रोवेव्हमध्ये तापविण्याचा विचारही मनात आणू नये. प्लॅस्टिकच्या वस्तू, चष्म्याच्या फ्रेम आणि फर्निचरवरील पॉलिश अ‍ॅसिटोनने खराब होते. म्हणून खाली जुने वर्तमानपत्र पसरून काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटीत ते घ्यावे.

त्यानंतरची कृती अशी :

१. नखे वाढली असल्यास आधी कापून लहान करावीत.

२. पट्टीने रंगावरील चकाकी तेवढी घासून घालवावी. रंग निस्तेज दिसू लागला की थांबावे. नख दिसेपर्यंत घासणे हा अभिघातच होय.

३. नखाभोवतीच्या त्वचेस व बोटाच्या टोकास पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. नखावर ती लागू देऊ नये, अन्यथा अ‍ॅसिटोन रंगापर्यंत पोचत नाही.

४. नखाएवढा कापसाचा तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून, निथळून नखावर ठेवावा व वर फॉइल गुंडाळावे. एका वेळी एकच हात घ्यावा, म्हणजे दुसरा हात मोकळा राहतो.

५. घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटे थांबावे. मग एकाच बोटाचे फॉइल काढून पाहावे. रंग सुरकुतलेला, पापुद्र्यासारखा उचललेला दिसला तर लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच सारावा. जोर लावावा लागत असेल तर तो सुटलेला नाही असे समजावे व पुन्हा पाच मिनिटे गुंडाळावे.

६. शेवटी राहिलेले बारीक कण काडीने खरवडू नयेत. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसावेत.

७. कोमट पाणी व सौम्य साबणाने हात धुऊन, टिपून कोरडे करावेत आणि लगेच नखांस व भोवतालच्या त्वचेस तेल चोळावे. अ‍ॅसिटोन नखातील पाणी व स्निग्धांश दोन्ही हरण करते. त्या रूक्षतेवर तत्काळ स्नेह हाच उपाय आहे.

८. वापरलेला कापूस व फॉइल गॅलरीत, उघड्या हवेत वाळू द्यावे आणि नंतरच कचऱ्यात टाकावे. उरलेले अ‍ॅसिटोन बेसिनमध्ये ओतू नये व पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीही भरून ठेवू नये.

डोळ्यांत थेंब उडाल्यास डोळा वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मुलाने घोट घेतल्याचा संशय आल्यास उलटी करविण्याचा प्रयत्न न करता त्वरित रुग्णालयात न्यावे.

ज्यांस अ‍ॅसिटोन नकोच असेल त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे काहीही न करण्याचा. रंग नखाबरोबर पुढे सरकू द्यावा, सुटलेल्या कडा पट्टीने सपाट कराव्यात व दर आठवड्यास नखे कापत जावे. महिन्यास ३ मिलिमीटर या गतीने काही महिन्यांत रंग आपोआप जातो. दिसण्यास तो सुंदर नाही. परंतु नखाच्या दृष्टीने तो सर्वांत निर्धोक आहे.

दोन रुग्णानुभव

हिंजवडी येथे नोकरी करणारी २६ वर्षांची एक रुग्णा. विवाहानंतर तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या बसमधून जाता-येता तिने दोन्ही हातांचा जेल रंग नखांनीच सोलून काढला होता. दोन्ही अंगठे व तर्जनींच्या नखांवर पांढरे खरबरीत चट्टे, कडा दुभंगलेल्या, कणीक मळताना वेदना, लिंबू लागल्यास दाह. सूज, पाक किंवा स्राव नव्हता. नखे लहान कापणे, रात्री तिळतेलाचा अभ्यंग, भांडी घासताना आतून सुती अस्तर असलेले हातमोजे आणि नखांवर कोणताही रंग न लावणे, एवढेच सांगितले. दीड महिन्याने नखाच्या मुळाकडील भाग गुळगुळीत दिसू लागला व पाचव्या महिन्यात चट्टे कापले जाऊन नाहीसे झाले. येथे औषधाने नख बरे केले असे आम्ही म्हणत नाही. नख आपल्या गतीने वाढले; आपण फक्त पुन्हा अभिघात होऊ दिला नाही आणि रूक्षता वाढू दिली नाही.

दुसरी रुग्णा ३४ वर्षांची. बोटांच्या टोकांवर कंडू, लालसरपणा, बारीक भेगा आणि पापण्यांवर वारंवार येणारी खाज व सूज. लक्षणे विचर्चिकेची होती, परंतु पापण्या आणि बोटांची टोके हा जोड विचार करावयास लावणारा होता. घरी संच आणून ती स्वतः व बहिणींची नखे रंगवीत असे, हे इतिहासात मिळाले. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवून पॅच टेस्ट करविली असता अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी असल्याचे निश्चित झाले. या रुग्णेत हेतू थांबविणे हीच खरी चिकित्सा ठरली. निदानपरिवर्जनाचे महत्त्व याहून वेगळे सांगावयास नको.

अ‍ॅलर्जी : आयुष्यभराची सोबत

आपणां सर्वांस बिब्बा उतणे परिचित आहे. ज्यास एकदा बिब्बा उततो, त्यास पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो. अ‍ॅक्रिलेटचेही तसेच आहे. पूर्ण कडक झालेला रंग फारसा त्रास देत नाही. अर्धवट कडक झालेला किंवा द्रवरूपातील जेल त्वचेस लागला की शरीर त्यास ओळखू लागते व ही ओळख सहसा पुसली जात नाही. घरगुती संचातील दिवा कमजोर असणे, एका कंपनीचा रंग व दुसऱ्या कंपनीचा दिवा वापरणे, जाड थर देणे, रंग त्वचेवर ओघळणे ही याची कारणे होत. बारीक रबरी हातमोजे या रेणूंना फार वेळ अडवू शकत नाहीत, हेही पार्लरमध्ये काम करणाऱ्या भगिनींना सांगावे.

दातांत भरावयाचे पांढरे मिश्रण व सांधेरोपणातील अस्थिसिमेंट यांतही याच कुळातील द्रव्ये असतात. म्हणून नखरंगाने अ‍ॅलर्जी झालेल्या व्यक्तीने दंतवैद्य व अस्थिशल्यचिकित्सक यांस ती आवर्जून सांगावी. विसाव्या वर्षी केलेल्या हौशीचा हिशेब साठाव्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी द्यावा लागू शकतो, हे तरुण मुलींच्या मनावर ठसविणे आवश्यक आहे. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली अ‍ॅक्रिलेट वर्गास त्या वर्षीचे लक्षवेधी अ‍ॅलर्जन म्हणून जाहीर केले होते. युरोपीय संघाने २०२० साली नियम करून ‘हेमा’ हे मेथाक्रिलेट असलेली नखप्रसाधने केवळ व्यावसायिकांनीच वापरावीत असे बंधन घातले आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ‘टीपीओ’ या प्रकाशसंवेदी द्रव्याचा प्रसाधनांतील वापर बंद केला.

दिव्याविषयी वैद्यांसाठी एक विशेष सूचना. श्वित्राच्या रुग्णांस आपण बाकुचीचे कल्प पोटातून व बाहेरून देतो. बाकुचीतील सोरॅलेन अतिनील प्रकाशाने त्वचेवर तीव्र क्रिया करते. अशा रुग्णांनी नखरंगाच्या दिव्याखाली हात ठेवू नये. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशसंवेदनशीलता वाढविणारी औषधे चालू असतानाही हेच पथ्य पाळावे. दिव्याखाली असताना नखात चटका जाणवला तर हात तत्काळ बाहेर काढावा. रंग कडक होताना उष्णता निर्माण होते. थर जाड असल्यास किंवा नख झिजलेले असल्यास ती अधिक जाणवते.

नंतरची काळजी

रंग काढल्यावर लगेच दुसरा लावण्याचा आग्रह असतो. ‘नखांना श्वास घेऊ द्या’ असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. नख श्वास घेत नाही; परंतु झिजलेला भाग पुढे सरकून कापला जाईपर्यंत त्यावर पुन्हा घासणे व भिजविणे टाळणे, हा त्या सल्ल्यातील योग्य अर्थ होय. चट्टे किंवा वेदना असेपर्यंत नवा रंग लावू नये.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सद्वृत्त सांगताना पंधरवड्यातून तीन वेळा नखे कापण्याचा उपदेश आहे. जेल रंग टिकावा म्हणून तीन-तीन आठवडे नखे न कापणाऱ्यांना तो मुद्दाम सांगावा. लांब नख तरफेसारखे काम करते. टोकावर बसलेला धक्का मुळापर्यंत पोचतो आणि नख मांसापासून सुटते. त्या फटीत पाणी साचले की पुढील उपद्रव होतात.

रात्री तिळतेलाचे दोन थेंब प्रत्येक नखाच्या मुळाशी चोळावेत. भोवतालच्या त्वचेचा दाह असल्यास शतधौत घृत लावावे. आहारात दूध, तीळ, नाचणी, खजूर यांचा समावेश करावा. पांडुत्व असल्यास रक्ततपासणी करून त्याची रीतसर चिकित्सा करावी. नखांचे पातळ होणे केवळ रंगावर ढकलून मोकळे होऊ नये. अनेकजणी नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या परस्पर घेतात. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइड व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात. अशा तपासण्या सांगताना हा प्रश्न जरूर विचारावा.

कोणी घरी प्रयत्न करू नये?

नखाभोवती सूज, ठणका, पूय म्हणजे चिप्पाची लक्षणे असल्यास. नख मांसापासून सुटलेले असल्यास. नखाखाली हिरवट वा काळसर रंग दिसत असल्यास. त्वचेवर भेगा किंवा विचर्चिका असल्यास. तसेच मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेली असल्यास घरी अ‍ॅसिटोनचा प्रयोग करू नये. अशा रुग्णांस प्रथम तपासावे व आवश्यक तेथे तज्ज्ञांकडे पाठवावे. नखाखालील काळी उभी रेघ रंगाचा डाग समजून दुर्लक्षू नये.

रंगाखाली दडलेले नख

हा विषय केवळ सौंदर्याचा नाही, याचे आणखी एक कारण आहे. दर्शनपरीक्षेत नख हे आपले महत्त्वाचे साधन आहे. पांडूमधील नखांचा फिकटपणा व कामलेतील हळदीसारखा पिवळेपणा आपण नखांवर पाहतो. चमच्यासारखी खोलगट नखे, नीलवर्ण, बोटांच्या टोकांची फुगीर ठेवण ही चिन्हेही तेथेच मिळतात. दहाही नखे अपारदर्शक रंगाने झाकली असतील तर ही परीक्षा होतच नाही. बोटावर लावावयाच्या ऑक्सिमीटरचे वाचनही काही गडद रंगांमुळे बिघडू शकते. २०२० व २०२१ च्या करोना साथीत हे यंत्र घरोघरी पोचले, तेव्हा याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. शस्त्रक्रियेपूर्वी नखरंग काढण्यास रुग्णालये सांगतात ती याचसाठी. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या स्त्रियांनी व नियोजित शस्त्रक्रियेच्या रुग्णांनी जेल रंग आठवडाभर आधीच सावकाश काढून घ्यावा. ऐन वेळी रुग्णालयात तो खरवडण्याची पाळी येऊ नये.

औषधी दुकानदारांसाठी

अ‍ॅसिटोनची बाटली विकताना तीन वाक्ये सांगण्यास अर्धा मिनिट लागतो : ज्योतीपासून दूर ठेवा, पंधरा मिनिटे थांबा, खरवडू नका. सुट्या, लेबल नसलेल्या बाटलीतून अ‍ॅसिटोन देऊ नये. साठा सीलबंद, थंड जागी व मुलांच्या हाताबाहेर असावा. नखरंगाचे संच ठेवीत असल्यास घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत लेबलवर छापलेली आहेत याची खात्री करावी. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० आपल्याकडे लागू आहेत व संशयास्पद मालाविषयी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. ‘वनस्पतीजन्य जेल रिमूव्हर’ म्हणून कोणी विक्रेता माल घेऊन आला तर त्यातील द्रावक कोणता, हे लेबलवर वाचूनच निर्णय घ्यावा. कोरफडीचे दोन थेंब घातल्याने अ‍ॅसिटोन आयुर्वेदिक होत नाही.

आपल्याकडे येणारी रुग्णा नखरंग लावू की नको हे विचारण्यास येत नाही. ती हौस तिची आहे व तिला नावे ठेवणे हे आपले काम नव्हे. लावलेला रंग सुरक्षितपणे कसा निघेल व नख कसे राखले जाईल, एवढेच तिला हवे असते. तेथे संहितेतील नसलेले द्रव्य दाखविण्यापेक्षा संहितेतील असलेला विचार सांगावा. कुनखाचा हेतू अभिघात आहे आणि तो टाळणे पूर्णपणे तिच्या हाती आहे. पंधरा मिनिटांचा संयम आणि त्यानंतर दोन थेंब तेल, एवढ्याने पुढचे सहा महिने वाचतात.